इतिवृत्ताबाहेर

शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली
दीडशे घडीच्या खुर्च्या मीच मांडल्या.
कॅन्ससमधला मार्च. वाऱ्यानं दार लागेना,
कुणीतरी त्याला शब्दकोश टेकवून ठेवला.

विषय एकच. तलाव.
ड्वेन हॉर्निश तीन आठवडे पत्र्याच्या होडीतून
पाण्याची खोली मोजत हिंडला होता.
म्हणाला, धरण झालं तेव्हा भिंतीपाशी एकेचाळीस फूट,
आज अकरा.
मधले तीस फूट म्हणजे आपणच आहोत.
'आपणच' मी लिहिलं, मग खोडलं.
इतिवृत्तात असलं काही चालत नाही.

उपसायला किती, ते त्यानं फळ्यावर मांडलं.
शून्यं मोजताना माझं पेन दोनदा चुकलं.

मग वाटणी.
शहर पाणीखात्याच्या थीओडोरा पिट्स म्हणाल्या,
नळ आमचे, कबूल. पण गाळ वरून येतो.
ज्यांनी ओढ्याच्या ओठापर्यंत नांगर घातला
त्यांनी निम्मा भार उचलावा.
वीजकेंद्राचा वकील म्हणाला, आम्ही तर पाणी परत करतो,
नुसतं कोमट करून.
गळवाल्यांच्या क्लबानं चाळीस डॉलर दिले आणि एक ठराव.
वॉशिंग्टनहून पत्र होतं. त्यात सहानुभूती होती,
परिशिष्टं होती, आकडा नव्हता.

तेव्हा मागून एल्डन व्होंद्रा उठला.
हातात आइसक्रीमचा मोठा डबा, आत ओला काळा गाळ.
डबा ठेवला तो नेमका माझ्या वहीला खेटून.
"ही आमच्या वरच्या रानाची वीतभर माती.
आजोबा बोहेमियातून आले ते हिच्यासाठी.
पुरात गेली तेव्हा कुणी विचारलं नाही
की हे नुकसान वाटून घ्यायचं का.
आता तुमच्या तळाशी सापडली, तर म्हणता तुझी आहे,
ने, आणि गाडीभाडंही तूच दे.
देतो. आधी इतक्या वर्षांचं
तिचं राहण्याचं भाडं मला द्या."

लोक हसले. थीओडोराबाई हसल्या नाहीत.
"माझ्याकडे सहाशे घरं आहेत
जी आत्ताचंच बिल दोन हप्त्यांत भरतात.
त्यांनी कुणाचा नांगर धरला होता?"

दोघांचंही खरं होतं.
अशा वेळी अध्यक्ष दहा मिनिटांची सुट्टी देतात.

सुट्टीत लावोन कुचेरा ड्वेनपाशी गेल्या.
वय त्र्याऐंशी. जन्मगाव पाण्याखाली,
आता तर गाळाच्याही खाली.
"किती खोल खणणार?"
"मूळ तळापर्यंत नाही, बाई. तेवढं परवडत नाही."
"बरं झालं," म्हणाल्या,
आणि तासभर कुणी हात न लावलेला
शेवटचा डोनट उचलून खाल्ला.

ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर :
हजार गॅलनमागे सदतीस सेंट,
वरच्या अंगाला एकरी दोन डॉलर,
वीजकेंद्राचा वाटा नंतर ठरवू.
मुदत दहा वर्षं.
गाळाला मुदत कळवलेली नाही.

खुर्च्या मिटल्या, दिवे मालवले. डबा तिथंच.
पुरावा म्हणावा तर नोंद नाही,
कचरा म्हणावा तर इतका वाद झालेला.
घरी आणला, खिडकीत ठेवला.
आठवड्यात सुकून त्याला भेगा पडल्या,
ड्वेनच्या नकाशावरच्या ओढ्यांसारख्या.

काल एल्डनचा फोन. जरा ओशाळलेला.
"डबा परत मिळेल का? बायको विचारतेय."
आणि माती?
"ती आता सगळ्यांची ना. तुम्हीच तर लिहिलंत."

भुगा चमच्यानं खरवडला, कुंडीत घातला.
कडांना चिकटलेलं राहिलं ते धुवायला
डबा नळाखाली धरला,
तोटी अर्धी फिरवली,
आणि हात थांबला.
आमचं सांडपाणी
कुठल्या ओढ्याला जातं,
हे मी इतक्या सभा लिहून
एकदाही विचारलं नव्हतं.