कुठं लावायचा

खडेबाजारच्या टोकाला बसू कट्टीमनीचं दुकान.
काचेखाली चार माउंट मांडलेत, दागिन्यांसारखे.
"नोडरी अक्का," तो म्हणतो,
"कॅमेरा कुठलाबी चालतोय,
खरं धरणारा घट्ट पाहिजे."

माझी येझडी. चौऱ्याऐंशीची.
पन्नासच्या वर गेली की आरसासुद्धा
कुणाचा चेहरा नीट सांगत नाही.
तरी पहिल्यांदा हँडलचाच नेला,
रबराची चकती घालून, ॲलन कीनं पिळून पिळून.
रात्री लावून बघितला तर
पिरनवाडीपासून सगळा रस्ता पाण्यात पडल्यासारखा.
पाट्या थरथरतायत,
कन्नड ओळ कुठली, मराठी कुठली,
काही म्हणजे काही कळेना;
दोन्ही अक्षरं एकाच थंडीनं कुडकुडलेली.
भरमा खाटेवरून म्हणाला,
"हे बरं झालं. आता भांडण नको."
हसायला गेला, कमरेत कळ आली, थांबला.

मग टाकीवर चिकटणारा.
किणयेच्या पुढं ऊन चढलं, टाकी तापली,
रबरानं हात सोडला
आणि कॅमेरा दोरीला लोंबकळत
गुडघ्यावर आपटत राहिला.
त्याचाही व्हिडिओ आहे, अकरा मिनिटांचा:
बूट, गिअर, आभाळ,
बूट.

"हनुवटीचा घ्या की," बसू म्हणाला, "समदी पोरं हेच नेत्यात."
हेल्मेटवर बसवला.
चित्र अजिबात हललं नाही.
मानेला कळतं कसं सांभाळायचं ते,
खरं मान चहाडखोर.
कुसमळीच्या पुलावर मी नदी बघितलीच नाही,
बघितला एक ट्रक, एका बाईच्या डोक्यावरचा गवताचा भारा,
आणि मग कितीतरी वेळ उजवा आरसा,
ज्यात कोणी नव्हतं.
पाचदा. सहादा.
भरमानं मोजलं.
"आरशात काय बघतीस गं एवढं?"
"ट्रक," मी म्हटलं.

बावीस वर्षं तो मागं बसला.
डावा डोळा लहानपणी विटीनं नेलेला, लायसन नाही,
म्हणून गाडी मी शिकले.
जांबोटीच्या स्टँडवर लोक तोंड फिरवून हसायचे,
एकदा तर कुणीतरी टाळ्या वाजवल्या;
भरमानं मागूनच हात वर केला,
मिरवणुकीतल्यासारखा.
आता मणक्याची चकती सरकलीय.
डॉक्टर म्हणाले, गाडी नाव काढायचं नाही.
आणि हा म्हणतो, चोर्ला बघायचा.

मी परत बसूकडं.
"मागच्या सीटवर बसणारा पाहिजे."
"मागं? मागनं काय दिसतंय अक्का?
तुमची पाठ!"
"तेच."

असलं काही काचेखाली नव्हतं.
उद्यमबागेत त्याचा मावसभाऊ वेल्डिंग करतो.
मी भरमाला लाकडी खुर्चीवर ताठ बसवलं,
शिलाईची टेप लावली
बुडापासून डोळ्यापर्यंत:
अडीच फूट, वर दोन बोटं.
"अंगठ्याएवढं उजवीकडं सरकवा," मी सांगितलं.
वेल्डरनं का ते विचारलं नाही,
खडूनं खूण केली, कॅरिअरला रॉड जोडला.

रविवारी एकटी गेले. कणकुंबीला चहा पण घेतला नाही.

संध्याकाळी पडद्यावर
निम्मी चौकट माझं जॅकेट,
पाठीवर ऑइलचा जुना डाग, हेल्मेटखालून सुटलेली वेणी.
रस्ता आपला कडेकडेनं, मिळेल तिथून.
हलत होतं बऱ्यापैकी.
तोही हलतच बसायचा की.

भरमा काही बोलेना.
उशी कमरेखाली सरकवून पुढं झुकला.
घाट सुरू झाला,
उजवीकडं दरी असणार, आणि समोर मी, भिंतीसारखी.
तेव्हा नेहमीच्या आवाजात, जरा वैतागून,
"वाक की गं थोडी डावीकडं. काय दिसंना झालंय."

तिथं वळण होतं.
पडद्यावर मी वाकले.