भुसा

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत
इराप्पा बडिगेरनं जिप्सीखालचा नट सोडला
आणि ऑइलबरोबर परातीत भुसा पडला.
काळा, ओला, मूठभर.

निपाणीच्या त्या माणसानं
पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं,
मिल्ट्रीच्या लिलावातली हाय, एकहाती.
गिअरचा आवाज मी ऐकला नव्हता.
ऐकणार कसा?

तीन वर्षं झाली.
कणकुंबीच्या चढाला फोर-लो निसटतो,
लिव्हर गुडघ्यानं दाबून धरायची,
मागं मधाचे डबे एकमेकांवर आपटतात.
बायको म्हणते, गुडघा तुझा की गाडीचा पार्ट?

खर्च बेचाळीस हजार.
इराप्पानं खडूनं टायरवर लिहिला,
मग थुंकीनं पुसून अठ्ठेचाळीस केला.

रविवारी हुक्केरीचे मास्तर येणार बघायला.
फोनवर त्यांनी एवढंच विचारलं:
आवाज करते काय?

इराप्पाचा भाऊ शेजारीच रंधा मारत होता.
बडिगेर म्हणजे सुतारच की,
ताजा सागवानी भुसा घरचाच.
परात हलवत इराप्पा म्हणाला,
"हाकली एनु? घालू काय परत?
सहा महिने गप बसंल."

"ब्याड," मी म्हणालो.
आमच्या घरात नको म्हणायचं झालं
तर नकोच म्हणतात, पण हे कन्नडातच निघालं.
कशाला ब्याड, ते त्यानं विचारलं नाही.
भुशाला? हुक्केरीला? अठ्ठेचाळीसला?
मलाही नक्की नव्हतं.

तो पाना घेऊन परत खाली सरकला,
नुसते पाय बाहेर, एक चप्पल निसटलेली.
"बॅटरी धर की जरा," आतून आवाज आला,
"हिकडं न्हवं, वर."