खण

लोखंडाच्या खाणीनं गावाखालची जमीन पोखरली,
आता गाव तीन किलोमीटर पूर्वेला सरकतंय.
माझं काम एवढंच: जी घरं पडणार ती आधी मोजून घ्यायची.
तिवईवर यंत्र ठेवायचं, आपण बाहेर थांबायचं.
ते एकटंच गोल फिरतं,
भिंतींचे ठिपके वेचतं.

सिक्स्टेन लान्तोकडे गेले तेव्हा नोव्हेंबर सरत होता,
दुपारी दोनलाच काळोख.
"बूट काढ," म्हातारा म्हणाला.
"घर पाडणार असलात तरी बूट काढ."

पिवळं स्वयंपाकघर. खिडकीत दिव्याचा कागदी तारा.
ओट्याखाली तीन खण, त्यातला मधला बंद होत नाही.
चमचा काढायचा आणि कंबरेनं ढकलायचं, असं.
त्यानं करून दाखवलं,
एखाद्या विसरलेल्या नाचातलं एकच पाऊल आठवावं तसं.
"गुनवोरच्या दोन्ही हातांत कढई असायची.
कंबरच काय ती मोकळी."
तिच्याबद्दल एवढंच. मग कॉफी.

खाणीनं अख्खं गाव मागितलं होतं,
आणि हा माणूस मला
एक खण दाखवत होता.

फेब्रुवारीत घर पडलं. सोळा मिनिटं लागली.
तो आला नव्हता.
दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो, म्हणाला.

एप्रिलमध्ये चष्मा घेऊन नव्या फ्लॅटवर गेले.
त्याच्या डोळ्यांवर चढवला, हातांत मुठी दिल्या.
बराच वेळ तो नुसता मान फिरवत राहिला.
"तारा अजून उतरवला नाहीस," म्हणाला, कुणाला कोण जाणे.
मग रिकाम्या हवेत हात घालून काहीतरी ओढलं,
काहीतरी ढकललं,
आणि चष्मा काढून माझ्या मांडीवर ठेवला.
"हा बंद होतो."

ऑफिसात टुवा हसली:
बिघाड मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक!
मी दोन रात्री बसून
नसलेल्या लाकडाला फुगायला शिकवलं.
शेवटच्या बोटभर अंतरावर अडायचं,
अडताना कुरकुरायचं,
आणि हातानं नाही, कंबरेनंच ऐकायचं.

मे महिन्यात नर्सचा फोन आला.
एकटाच चष्मा लावून उभा होता, म्हणाली,
काय ढकलायला गेला देव जाणे,
समोर काहीच नव्हतं.

मी धावत गेले, माफीची वाक्यं जुळवत.
त्यानं शर्ट वर केला.
कंबरेवर तळहाताएवढा काळानिळा डाग,
कडेला पिवळा, ओट्याच्या रंगाचा.
"बघ," म्हणाला, जणू घरातून सोबत आणलेली
हीच एक वस्तू.
मग जरा वेळानं, रागानं नाही:
"बेचाळीस वर्षं तो खण मला अडवत आला.
तुझ्या खणानं मला जाऊ दिलं."

या वाक्यावर काय बोलणार?
माझ्याकडे भिंतींचे चार कोटी ठिपके आहेत,
त्यातला एकही कुणाला टेकू देत नाही.

"परत नेऊ का हे?" मी चष्म्याकडे बघितलं.
"खुर्ची धर," तो म्हणाला.
आम्ही खुर्ची भिंतीपाशी ओढली, दोनदा मागे, एकदा डावीकडे,
तिच्यावर बटाट्यांचं पोतं आडवं टाकलं,
दोरीनं बांधलं.
त्यानं चष्मा लावला.
चमचा काढला. ढकललं.
पोतं थोडं दबलं, खुर्ची करकरली,
आणि तो उभाच राहिला,
कंबर टेकवून, गरजेपेक्षा जास्त वेळ.

टेबलावर माझी कॉफी थंड होत होती,
साखर तळाशी तशीच.
चमचा त्याच्याकडे होता,
तिकडे, आत.
मी मागितला नाही.