तुकडी

हाय वायकम हे खुर्च्यांचं गाव.
टेकडीवरचे बीच तोडून, पाय कातून
इथं पिढ्यान् पिढ्या बैठकी घडल्या.
कारखाने गेले. तिथं आता फ्लॅट आहेत,
आणि जाहिरातीत बेडरूमच्या आधी
जवळच्या शाळेचं नाव छापतात.

मी प्राथमिक शाळेत जेवण वाढते.
डाव माझ्या हातात, म्हणून मला कळतं
कुणाच्या ताटाचे पैसे सरकार भरतं,
कोण शुक्रवारी पुन्हा रांगेत येतं.
हसीब यायचा. शुक्रवारी. सोमवारीसुद्धा.

त्यानंच माझ्या ईराला अपूर्णांक समजावले,
पिझ्झ्यावर बोटानं रेघा ओढत :
‘छेद मोठा झाला की घास लहान होतो.’

परीक्षा सगळ्यांना एकच.
एकच हॉल, एकच घड्याळ, सारख्याच पेन्सिली.
फक्त
दोन वर्षं दर शनिवारी
पेनफोल्डबाईंच्या काचेच्या खोलीत
तासाला चाळीस पौंड मी मोजत होते,
आणि त्याच तासाला हसीब
धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन
आईची शिफ्ट संपायची वाट बघत होता.

पास व्हायला एकशे एकवीस.
ईराला एकशे चोवीस.
त्याला एकशे अठरा.

मी पेढे केले, स्टाफरूममध्ये वाटले.
किचनमध्ये डबा उघडला नाही.
तिथं त्याची मावशी भांडी धुते.

फलटणला मी ‘ड’ तुकडीत होते.
आमचा वर्ग सायकल स्टँडला चिकटून,
गणिताचे सर यायचे ते पेपर वाचायला.
गुणांप्रमाणे बसवलंय, असं बाई म्हणायच्या.
गुण म्हणजे मार्क, की गुण,
हे विचारायचं धाडस ‘अ’ तुकडीत असतं.
आणि तुकडी हा शब्द कशाचा झालाय
ते कळायला मला
समुद्र ओलांडावा लागला, डाव धरावा लागला.

सप्टेंबर. सकाळ. एकच रस्ता.
या बाजूच्या स्टॉपवर एका रंगाचे ब्लेझर,
समोरच्या स्टॉपवर दुसऱ्या.
हसीबनं पलीकडून हात केला.
मोठा, अख्खा हात.
ईरा तशीच उभी.

संध्याकाळी म्हणाली,
केला होता गं मीपण,
बाहीतून बाहेरच आला नाही.

खरं असेल.
ब्लेझर मीच दोन साइझ मोठा घेतला होता,
पुढे पुरावा म्हणून.