दोन निरोप

चार वाजता तहसीलचा मेसेज: विजा पडतील, घरातच थांबा.
चार वीसला दुसरा: धरणाचे दरवाजे उघडले,
सखल भागातील नागरिकांनी स्थलांतर करावे.
खाली सही एकाच साहेबाची.

सुपडू कोतवालानं दोन्ही वाचले, जसेच्या तसे,
भोंग्यातून, पारावर उभं राहून.
वाऱ्यानं केळीची पानं फाटत होती.
नागरिक कुणी हललं नाही.

मग हलिमाबी तडवी दारातूनच ओरडली,
"सखल म्हंजे कोन रे, सुपडू?"

तो थांबला. भोंगा बंद केला.
तिच्या भिंतीवर मागच्या पुराची रेघ,
चुन्याखालून अजून दिसणारी, छातीएवढी.
रेघेवर बोट ठेवून म्हणाला,
"हे ज्याच्या घरी हाये, तो."

सातपुड्यावर वीज दोनदा उजळली.
तापी दिसत नव्हती, नुसता गढूळ वास.
तो दारोदार रेघा दाखवत हिंडला,
शेळ्या सोडा म्हणत, म्हाताऱ्यांना नावानं हाक मारत,
"इजेचं मले बी भेव हाये. चाला."

रात्री शाळेत, ओल्या सतरंजीवर
त्याच्या खिशातला फोन थरथरला:
घराबाहेर पडू नका.
हलिमाबीनं त्याच्याकडून वाचून घेतलं
अन् शेळीच्या पाठीवरचं पोतं सरळ केलं.