थोडं वाकडं राहील

सावळजच्या बेदाणा शेडवरून आणली तिला.
रॅकवर चढली होती, चौथ्या कप्प्यापर्यंत,
आणि पडताना तळहात टेकवला.
सगळीच पोरं टेकवतात,
जमीन म्हणजे जणू दार, ढकललं की उघडेल.

अल्फिया शिकलगार, वय सात.
मनगटाच्या वर हात चमच्याच्या दांडीसारखा किंचित वाकलेला.
कपड्यांना डिपिंग ऑइलचा वास.
रडणं मध्येच थांबवून ती मोजत होती
माझ्या बादलीतले बुडबुडे.

तासगावात या टेबलाशी बावीस वर्षं उभा आहे मी.
रोल कोमट पाण्यात सोडायचा,
बुडबुडे संपेपर्यंत धीर धरायचा,
मग हलकेच पिळायचा.
बोटांनी दाबायचं नाही, खड्डे पडतात;
तळव्यानं गोंजारत न्यायचं.
हे कुणी शिकवलं नाही.
एका पोराच्या कातडीवर माझा अंगठा उमटला होता,
तो शिकवून गेला.

डॉक्टर शिरगुप्पेंनी फोटो खिडकीच्या काचेला धरला
(ट्यूब कालपासून गेलेली).
"ओल्या फांदीसारखं झालंय.
एका अंगानं चिरलंय, दुसऱ्या अंगानं धरून ठेवलंय.
ओढाताण नको. थोडं वाकडं राहील, राहू दे.
वाढता वाढता हाड आपलं आपण सरळ होतं."

आईनं माझ्याकडे पाहिलं.
डॉक्टरांचं पटलं नाही की लोक
प्लास्टरवाल्याकडे बघतात.

मी शर्टाची बाही खाली ओढली.
माझा डावा हात कबड्डीत मोडला,
तेव्हा मिसरूड फुटली होती.
गावातल्या एकानं कामट्या बांधल्या,
आणि वाढ तर ओसरत आलेली.
अजून आंघोळीला तेल लावताना
बोट त्या जागी अडखळतं.

"होतं सरळ," मी म्हणालो.
"पोरांचं होतं."

मग नेहमीचं: हात उशीवर उंच ठेवा,
बोटं हलवत राहा, निळी पडली, बधिर झाली
तर रात्री दोन वाजताही या.
आत सुई-काडी घालायची नाही.
खाजलं तर फुंकर मार.
"फुंकर आत जाते?"
जाते म्हणालो. थोडी.

पाच आठवड्यांनी करवत सुरू केली,
तशी ती टेबलाखाली.
पातं माझ्याच तळव्याला लावून दाखवलं,
बघ, कापत नाही, नुसतं थरथरतं.
टरफल उघडलं. आतला हात बारीक, फिकट,
सालपटं सुटलेली, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा,
आणि कोपराच्या घडीत चिकटलेले
तीन बेदाणे.
"त्याला भूक लागली असेल म्हणून," ती म्हणाली.

हात जरासा वाकडाच होता.
आई काही बोलली नाही,
तो ओढणीखाली घेतला आणि निघाली.

त्यानंतर दोन हंगाम गेले.
परवा बाजारात ती दिसली, उंच झालेली,
भाजीवालीला पैसे द्यायला हात पुढे केलेला.
मी मेथी निवडायची सोडून मनगट बघत राहिलो,
मग दुसरंही.
कुठला मोडला होता, डावा की उजवा,
आठवेना.