ओला टॉवेल

रविवारी साडेसहाला
मी गच्चीवर पाट टाकतो,
बादलीत तीन दगड सोडतो
आणि बुडबुडे थांबायची वाट बघतो.
जाड कुरुंद, मग हजारचा,
मग तीन हजारचा, तो एवढा मऊ
की अंधारात साबण समजून हात धुवावा.

पाणी पाच दिवसाआड येतं.
शैला जिन्यातून विचारते,
किती तांबे घेतले?
मी खोटं सांगतो.

आठवडाभर विमा कचेरीत
दाव्यांची कागदं तपासतो.
मृत्यूचा दाखला, वारसाची सही, शिक्का.
तलवारीबद्दल तिथं कुणाला माहीत नाही.

मंगळवार बाजारात मिळाली ती, भंगाराच्या ढिगात,
किलोच्या भावानं,
कुलूप, नळ आणि सायकलच्या चेनखाली.
म्यान नाही, मूठ नाही.
चिलवेरींच्या कारखान्यातले दोन जुने धोटे
मधोमध चिरून मूठ मीच बसवली.
पन्नास वर्षं ताण्यातून धावलेलं लाकूड,
त्याला घामाची सवय होती.

गंज उतरायला पावसाळा गेला,
धार यायला दिवाळी.
नखावर टेकली तर सरकत नव्हती.
डाव्या हाताचे केस गेले,
बायकोनं विचारलं, हे काय,
मी म्हणालो, उन्हानं.
पेपर तर असा फाकायचा
की बातमीला कळू नये आपण दोन झालो.

पण ओला टॉवेल कापेना.

चिलवेरी विणीत चूक झालेले टॉवेल देतात.
तीन टॉवेल घट्ट गुंडाळायचे,
सुतळीनं बांधून रात्रभर भिजवायचे,
सकाळी खुंट्यावर उभे करायचे.
पात्याला हे दमवतं, असं ऐकलं होतं.
मी परजायचो, श्वास धरायचो, मारायचो.
टॉवेल आडवा व्हायचा,
एक बोटभर फाटून,
माझ्याकडे बघत.
मनगट बदललं, कोन बदलला,
पाय पुढचा मागे घेतला.
तीन हजारच्या दगडावर
अजून शंभर वेळा. अजून शंभर.
आरशासारखी झाली.
टॉवेल आडवाच.

मग खालच्या राजव्वा कोडम आल्या
पदरात कात्री घेऊन.
तेहतीस वर्षं विड्यांची पानं कापून
पातं झिजून चिंचोळं झालेलं.
"तेवढी धार लावून द्या की ओ,
तुमचं ते चाललंयच की."
मला वाटलं, दहा मिनिटांचं काम.
सकाळ गेली.
कात्रीला उतार एकाच बाजूनं असतो,
दुसरीकडे दगड लागला की मेली ती.
स्क्रू सैल केला, पाती वेगळी केली,
तार काढली, तीन हजारवर नेली,
तलवारीला दिलं ते सगळं दिलं.

राजव्वांनी ओल्या फडक्यातून एक पान काढलं,
कात्री चालवली,
तोंड वाकडं केलं.
"लई गुळगुळीत केलाव. पान सरकायलंय."
आणि माझ्या देखत
उंबऱ्याच्या शहाबादी फरशीच्या कडेवर
दोनदा घासली, खर्र, खर्र,
माझी अख्खी सकाळ.
मग कच्च.
पानाचा चौकोन पडला मांडीवर.
"धरायला पाहिजे की पान," म्हणाल्या,
"नुसतं चमकून काय करायचं?"

त्या गेल्यावर बराच वेळ बसलो.
ऊन पाण्याच्या टाकीपर्यंत आलं होतं,
गच्ची तापायला लागली होती.
तीन हजारचा दगड पालथा घातला.
तलवार जाड कुरुंदावर
सावकाश चार वेळा ओढली.
धारेवर बोट आडवं फिरवलं,
मांजराच्या जिभेसारखं लागलं काहीतरी.

उभा राहिलो. खाली कुठंतरी
एकच माग चालू होता.

आवाज आलाच नाही.
वरचा अर्धा टॉवेल
जागच्या जागी राहिला, क्षणभर,
मग घसरून फरशीवर पडला, धप्प.
कापल्या तोंडाशी
तिन्ही टॉवेलांचे वेढे मोजता येत होते,
चूक झालेली वीणसुद्धा दिसत होती.

कुणाला सांगायचं होतं. शैला भाकरी थापत होती.

संध्याकाळी राजव्वांच्या दारात गेलो,
तो ओला अर्धा टॉवेल हातात.
काही विचारलं नाही त्यांनी.
उलगडला, झटकला,
आणि उद्याच्या पानांवर पांघरला.